जेवताना बोलू

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत माणसं येत-जात, जोड्या जुळत-फुटत. एक जोडी मात्र सतरा वर्षं टिकली. एकाला सगळे पोपट म्हणायचे आणि दुसऱ्याला घुम्या. ही नावं का पडली ते विचारायची गरज नव्हती, पाच मिनिटं दोघांजवळ उभं राहिलं की कळायचं. पोपट मशीनरूमच्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधीच बोलायला लागायचा आणि हत्यारांची पेटी बंद झाली तरी त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. घुम्याचे दिवसभरातले शब्द बोटांवर मोजावेत, आणि त्यातले निम्मे 'दहाचा पाना दे' यातच खर्च व्हायचे.

घुम्या उंच, खांद्यात जरासा वाकलेला, वयाने बावन्न. त्याची बायको एका शाळेच्या वाचनालयात कामाला होती. ती म्हणायची, "आमच्या घरात भांडण होतच नाही. भांडायला दोघं लागतात."

तो ख्रिस्ती झाला तो चौतिसाव्या वर्षी. त्याआधी त्या घरात देवाधर्माचं कोणाला फारसं काही नव्हतं. आई वारली, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी हा रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला जायला लागला. बायकोने वर्षभर नुसतं पाहिलं, मग लहान मुलीचा हात धरून तीही बरोबर निघाली. थोरल्या भावाने, दादाने, एकदा विचारलं, "हे काय नवीन?" घुम्या म्हणाला, "बरं वाटतं." तो विषय तिथेच मिटला.

चर्चच्या मंडळीत कोणी साक्ष द्यायला उभं राहायचं, म्हणजे आपल्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. घुम्याची पाळी आली की तो नेमका खुर्च्या लावायला उठायचा, नाहीतर माइकची वायर तपासायचा. पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, एकदा त्याला बाजूला घेतलं. तेव्हा तो म्हणाला, "माझं मत असं आहे, की धर्म बनियनसारखा असतो. आत घालायचा. दाखवत हिंडायचं नाही." पाळक म्हातारे होते, मिश्किल होते. म्हणाले, "शेजारी कोणी कुडकुडत असलं तर?" घुम्या हसला आणि वायर गुंडाळायला लागला.

पोपटला अर्थात सगळं ठाऊक होतं. सोमवारी सकाळी तो हटकून विचारायचा, "काय, काल लावलीस का हजेरी साहेबांकडे? माझी रजा मंजूर आहे ना?" घुम्या मान हलवायचा. मात्र घुम्याकडे प्रार्थनेची एक छोटी वही होती आणि तिच्यात पहिलं नाव पोपटचं होतं. सतरा वर्षं. हे पोपटला कधी कळलं नाही.

त्यांच्या कामात एक माणूस वर गच्चीलगतच्या मशीनरूममध्ये असतो आणि दुसरा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, केबिनच्या टपावर. वरच्याने मोटर चालू करायच्या आधी खालच्याला हाक द्यायची आणि उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा नियम. हाकेचे शब्द जो तो आपले ठरवतो. पोपटचे शब्द होते, "आहेस का?" खालून घुम्या म्हणायचा, "आहे." एकदा घुम्या वाकून काहीतरी सोडवत होता, हाक ऐकू आली नाही. तर पोपट आपलं सुटलेलं पोट सांभाळत अकरा मजले धावत उतरून आला होता. आल्यावर पहिलं काय केलं, तर शिव्या घातल्या. दुसरं, पाणी मागितलं.

त्या मंगळवारी दोघंही मशीनरूममध्ये होते. मोटरचा ब्रेक उघडलेला, स्प्रिंगा काढून फडक्यावर ठेवलेल्या. पोपट सकाळपासून गप्प होता. घुम्याला ते जाणवलं, पण ज्याने स्वतः कधी तोंड उघडलं नाही त्याने दुसऱ्याला 'का रे गप्प?' कसं विचारायचं.

"घुम्या, एक विचारू?" पोपट म्हणाला. "थट्टा नाही."

"हं."

"तुझा तो येशू. तो खरंच आहे असं वाटतं का तुला? म्हणजे माणूस गेला, की पलीकडे कोणी असतं का घ्यायला? की आपलं नुसतंच..." हातातलं फडकं त्याने हवेत हलवलं.

घुम्याच्या हातात स्प्रिंग होती. ती त्याने आवळून धरली. ज्या दाराशी सतरा वर्षं तो कान लावून बसला होता, ते दार आतून उघडलं होतं. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, चुकीचं बोललो तर, हसला तर.

"आधी हा ब्रेक उरकू," तो म्हणाला. "जेवताना बोलू."

"बरं," पोपट म्हणाला.

जेवायला ते तळघरात बसले, तर तिथे इमारतीचे दोन वायरमन आणि पहारेकरी आधीच डबे उघडून बसलेले. पोपटने लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरा-बायकोचा किस्सा काढला. भांडत आत गेले, दीड तासाने बाहेर काढलं तर हातात हात. आणि आठवड्याने बाई येऊन विचारते, पुन्हा कधी बंद पडेल? सगळे खो खो हसले. हसता हसता पोपटने एकदा घुम्याकडे पाहिलं. घुम्याने डब्याचं झाकण लावलं. खरं सांगायचं तर ती माणसं तिथे आहेत याचं त्याला बरंच वाटलं होतं.

त्यानंतर दहा दिवस दोघं रोज बरोबर होते. रोज सकाळी घुम्या ठरवायचा, आज बोलायचं. पोपटने विषय पुन्हा काढला नाही. अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, दाढी करताना पोपट आरशासमोर कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

घुम्या अंत्यविधीला गेला, मागे उभा राहिला आणि पोपटच्या बायकोला न भेटता परत आला.

दोन आठवड्यांनी तो एका जुन्या इमारतीच्या शाफ्टमध्ये केबिनच्या टपावर उभा होता. वर नवा जोडीदार होता, दुसऱ्या विभागातून बदलून आलेला एक पोक्त मिस्त्री. घुम्या दोरांना तेल देत होता. तेवढ्यात वरून आवाज आला, "आहेस का?"

"आहे," घुम्या म्हणाला.

वरून मिस्त्रीने डोकं आत घातलं. "काय म्हणालास?"

"तूच विचारलंस ना?"

"मी? मी तर फ्यूज शोधतोय."

शाफ्टला स्वतःचे आवाज असतात. दोर गुणगुणतात, वारा फटींतून शीळ घालतो, चौथ्या मजल्यावर कोणी खोकलं तर ते पहिल्यावर ऐकू येतं. तीस वर्षांत घुम्याला हे सगळे आवाज पाठ झाले होते. हा त्यातला नव्हता. आठवडाभराने दुसऱ्या इमारतीत तो पुन्हा आला. मग एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये. मग कुठेही. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. रोज जसं विचारायचा तसंच, कामापुरतं. हेच घुम्याला सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने उत्तर द्यायचं बंद केलं. तर मग हाक दोनदा यायला लागली, आणि दुसऱ्या खेपेला जरा घाईची, अकरा मजले उतरायच्या आधीची.

तो पाळकांकडे गेला. बसायच्या आधीच विचारलं, "माझा जोडीदार कुठे असेल?"

पाळकांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही."

"तुम्हाला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"ज्याला माहीत आहे तो दयाळू आहे. माझं ज्ञान एवढंच आहे रे बाबा."

घुम्याला ते पुरलं नाही. त्याने मनाशी ठरवलं, आता एकही माणूस असा सोडायचा नाही. आणि ज्या माणसाने बावन्न वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं, तो बोलायला लागला.

आधी पहारेकरी. मग शेजारचा शिंपी. मग मेहुणा, ज्याने फोन उचलणंच सोडून दिलं. घुम्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे नमनाचं तेल वगैरे काही नाही, तो थेट शेवटालाच हात घालायचा: तू आज मेलास तर? एकदा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत एक बाई एकट्या होत्या. घुम्याने टपावरचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, आत्ता हे दोर तुटले तर तुम्ही कुठे जाल याचा विचार केलाय का?"

बाईंची किंकाळी तळघरापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी घुम्याला बोलावलं. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "दोर तुटत नाहीत, असं सांगायला ठेवलंय आपल्याला. तुझी तब्येत बरी नाही का? तुझा जोडीदार गेल्यापासून बघतोय मी." घुम्याने मान खाली घातली. आठवडाभर त्याला कोठारात मालाची मोजदाद करायला बसवलं.

दादाच्या साठीला सगळे जमले होते. केक कापून झाला, दादा आपल्या नोकरीच्या आठवणी सांगत होता. बरीच वर्षं तो मालवाहू जहाजावर होता, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. थोरल्या वहिनी, दादाची बायको, ताटल्या उचलत होत्या. घुम्या उभा राहिला. जन्मात कधी चार माणसांत उभा न राहिलेला घुम्या उभा राहिलेला पाहून सगळे कौतुकाने गप्प झाले.

"दादा, साठ झाली," तो म्हणाला. "आता किती राहिली कोणाला माहीत. अजून वेळ आहे. माझ्या जोडीदाराला वाटलं होतं वेळ आहे. न्यायाच्या दिवशी देवासमोर तू म्हणशील, माझा भाऊ बोलला नाही. म्हणून मी बोलतोय."

दादाने बशी खाली ठेवली. "तू मला वाढदिवसाला भीती घालायला आलास?"

"मी तुला वाचवायला आलोय."

"आई होती ना दवाखान्यात, तेव्हा मी समुद्रावर होतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "परत आलो तर आई नव्हती. ती कशी गेली, काय बोलली, हे आजपर्यंत तू मला सांगितलं नाहीस. अठरा वर्षं. दरवेळी 'शांत गेली', बस. आणि आज न्यायाचा दिवस सांगतोस? जा बाबा. बस झालं."

वहिनींनी घुम्याच्या बायकोच्या हातात उरलेल्या केकचा डबा दिला. 'निघा आता' हे इतक्या प्रेमाने दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं.

घरी मुलगी होती. तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दोन वर्षांपूर्वी तिने उपासनेला यायचं बंद केलं होतं. घुम्याने तेव्हा तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आता मात्र तिच्या डब्यात रोज एक चिठ्ठी जायची. त्या दिवशी तिने त्या सगळ्या चिठ्ठ्या आणून टेबलावर ठेवल्या, रबर लावून, नीट.

"बाबा, मी फेकल्या नाहीत," ती म्हणाली. "पण यातली एकही मला लिहिलेली नाही."

"तुझ्याच डब्यात ठेवल्या ना?"

"डब्यात ठेवल्या. पण तुम्ही माझ्याशी बोलतच नाही. माझ्या डोक्यावरून पोपटकाकांशी बोलताय. मी का येत नाही, हे तरी विचारलंत का एकदा?"

घुम्याने विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "का येत नाहीस?"

"आता नाही सांगणार," ती म्हणाली. "आता तुम्ही ऐकण्याच्या स्थितीत नाही. आधी काकूंना भेटून या."

पोपटची बायको, तिलाही घुम्या वहिनीच म्हणायचा, घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची. शनिवारी दुपारी घुम्या गेला तेव्हा ती एका पडद्याला काठ लावत होती. तिने मान वर केली, मशीन थांबवलं आणि खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. "सात महिने लागले भावजींना," ती म्हणाली. एवढंच.

भिंतीवर पोपटचा फोटो होता, हसरा, तोंड उघडं. फोटोतसुद्धा बोलत होता.

घुम्याने बसून सगळं सांगितलं. मंगळवार, ब्रेक, स्प्रिंग, 'जेवताना बोलू', तळघरातला किस्सा, दहा दिवस. शाफ्टमधली हाकही सांगितली. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. सांगताना मध्ये मध्ये थांबत होता, पण काही हातचं राखलं नाही.

वहिनीने पडद्याचा काठ बोटाने सरळ केला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन म्हणाला होता, घुम्याला एवढा मोठा प्रश्न विचारला, तर त्याने ब्रेकचं सांगितलं. हसत होता."

"हसत होता?"

"हसायचाच तो. तुम्हाला काय वाटलं, रडत आला?" मग तिने हातातला दोरा तोडला. "त्याच्या खणात नंतर गोळ्या सापडल्या. छातीत दुखत होतं महिनाभर. एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. मला नाही सांगितलं, पोरांना नाही सांगितलं. दिवसभर तोंडाची टकळी चालू आणि हे तेवढं पोटात. माझ्याशी पस्तीस वर्षं संसार केला, आणि विचारलं कोणाला, तर तुम्हाला."

घुम्याला वर बघवेना. तो आला होता ओझं उतरवायला, आणि ते दुप्पट झालं. पोपट सहज विचारत नव्हता. तो घाबरलेला होता.

"मला तुमचा राग आला होता," वहिनी म्हणाली. "अजून थोडा आहे. तो प्रश्न तुमच्यापर्यंत पोचला म्हणून आहे, माझ्यापर्यंत नाही पोचला म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत, नाक मात्र पदराने पुसलं. "बरं, आता सांगा. काय सांगणार होतात त्याला?"

"आता?"

"मग कधी? मी आहे ना बसलेली."

इतके महिने घुम्या बोलत होता. न्याय, मरण, वेळ, दोर. त्यातलं एकही वाक्य या खोलीत, या पडद्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. मग त्याने, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आईचं सांगितलं.

"आई दवाखान्यात होती. शेजारची खाट रिकामी झाली तेव्हापासून फार घाबरायची. माझा हात सोडायची नाही, मला कामावर जाऊ द्यायची नाही. तिथे फरशी पुसणारी एक बाई होती. एक दिवस दुपारी मी आलो, तर ती बादली उपडी घालून आईच्या उशाशी बसलेली. आईच्या केसांचा गुंता सोडवत होती. आणि बोलत होती. मला वाटलं आईशी बोलतेय. तर नाही. येशूशी बोलत होती. असं, जसं तो खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे. 'प्रभू, हिला भीती वाटते, तू जरा जवळ बस.' एवढंच. आईने मला विचारलं, ही कोणाशी बोलते रे? मी म्हणालो, माहीत नाही. आई म्हणाली, कोण का असेना, त्याला म्हणावं इथेच थांब. पुढचे चार दिवस आईने माझा हात धरला नाही. घाबरली नाही. मला... वहिनी, मला आधी वाईटच वाटलं, की माझा हात नको झाला. मग आई गेल्यावर मी त्या बाईला शोधायला गेलो. हा कोण, ते विचारायला. ती मला रविवारी घेऊन गेली. एवढंच आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत होती.

"एवढंच?"

"हो."

"हे तर त्याला ब्रेक दुरुस्त करता करता सांगता आलं असतं."

"हो," घुम्या म्हणाला. "आलं असतं."

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. वहिनीने चहा ठेवला. दोघांनी तो घेतला, आणि घुम्या निघताना ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी या. मशीनचा पट्टा सारखा निसटतो."

त्याच आठवड्यात घुम्या दादाकडे गेला. थोरल्या वहिनी दार उघडताना जरा कचरल्या. दादा बाल्कनीत बसला होता. घुम्याने माफी मागितली, आणि दादाने "बरं, बरं" म्हणून विषय बदलायच्या आत तो म्हणाला, "आईचं सांगायला आलोय. सगळं."

त्याने सगळं सांगितलं. यात न्यायाचा दिवस नव्हता. दादा रेलिंगकडे बघत ऐकत होता.

"माझं नाव घेतलं का तिने?" दादाने विचारलं.

खोटं बोलणं फार सोपं होतं. "नाही," घुम्या म्हणाला. "शेवटचे दोन दिवस तिने कोणाचंच नाव घेतलं नाही. त्याच्या आधी रोज विचारायची, जहाज कुठे पोचलं. मी भिंतीवर नकाशा लावला होता. त्यावर बोट ठेवून दाखवायचो."

दादाने तळवे डोळ्यांवर दाबले. तो रडतोय की नुसतेच डोळे झाकून बसलाय ते घुम्याला कळलं नाही. तो शेजारी बसून राहिला. मग दादा म्हणाला, "हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

दादा काही ख्रिस्ती झाला नाही. रविवारी संध्याकाळी मात्र त्याचा फोन येतो आणि तो विचारतो, "आज काय सांगितलं तुमच्या पाळकांनी?" घुम्या सांगतो, दादा वाद घालतो, मुद्दा सोडत नाही. पोपटची बायको एकदा उपासनेला आली, सगळ्यात मागच्या बाकावर बसली आणि संपायच्या आत निघून गेली. का गेली, ते घुम्याने विचारलं नाही. पुन्हा आलात तर जागा आहे, इतकं सांगितलं. मुलीने एका दुपारी आपण का येत नाही ते सांगितलं. ऐकायला सोपं नव्हतं. त्यात मंडळीतल्या एका माणसाचं नाव होतं आणि घुम्याच्या गप्प बसण्याचाही हिशेब होता. घुम्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून त्या माणसाबद्दल पाळकांशी बोलायला गेला.

शाफ्टमध्ये हाक अजूनही येते. आता वरचेवर नाही, पण येते. मिस्त्रीला आता सवय झाली आहे. घुम्या मध्येच हात थांबवून उभा राहिला, की तोही वर थांबतो आणि काही विचारत नाही.

प्रार्थनेच्या वहीतलं पहिलं नाव घुम्याने खोडलं नाही. सकाळी कामाला निघण्याआधी तो वही उघडतो आणि ते नाव घेतो. बाकीच्यांसाठी काय मागायचं ते त्याला ठाऊक असतं: दादाचा गुडघा, थोरल्या वहिनींची दृष्टी, मुलीचं मन. पहिल्या नावापुढे काय मागावं, मागता येतं की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तो नाव घेतो, थोडा वेळ थांबतो, आणि मग दुसऱ्या नावाकडे जातो.